बिस्किटी रंगाचे चार चौकोन

मार्चच्या नऊ तारखेला, सोमवारी सकाळी, मीटरने चार हजार दोनशे पन्नास रुपये आगाऊ घेतले, दोनदा मोजले आणि खिशात घालता घालता मनात म्हटले, आता ही माणसे आपला जीव खाणार.

खोली एकच होती, बाहेरची. चार भिंती, एक खिडकी, दोन दारे. माणसे शहाणी असती तर चार दिवसांत काम उरकले असते. पण घरातल्या वहिनींनी शेडकार्ड मागून घेतले, टेबलावर पसरले, आणि त्यांचे बोट नेमके ज्या पानावर थांबले ते पान पाहून मीटरच्या कपाळाला आठी पडली. ते बिस्किटी रंगाचे पान होते. एका पानावर अठ्ठावीस चौकोन, आणि प्रत्येकाला वेगळे नाव.

मीटर हे काही त्याचे खरे नाव नव्हे. पस्तीस वर्षांपूर्वी, रंग मिसळायची यंत्रे दुकानात यायच्या आधी, जुन्या भिंतीचा एक पोपडा बघून तो हुबेहूब तसा रंग डब्यात उतरवत असे. दुकानदार गिऱ्हाइकांना सांगायचा, “याच्या डोळ्यात मीटर बसवलाय.” ते नाव चिकटले. पुढे यंत्रे आली, नंबर दाबला की रंग मिळू लागला, तरी यंत्राचा रंग चुकला की दुकानदार मीटरलाच बोलवायचा. तो झाकण उघडून एकदा बघायचा आणि म्हणायचा, “काळा दोन थेंब जास्त पडलाय.” पडलेला असायचा.

बिस्किटी रंग निवडणाऱ्या माणसांविषयी त्याचे मत ठाम होते आणि ते तो कुणालाही ऐकवत असे. लाल लावणारा माणूस चुकतो, पण ठरवून चुकतो. निळा लावणाऱ्याला निदान निळा आवडतो. बिस्किटी लावणाऱ्याला काहीच आवडत नसते. उद्या कुणी येऊन नाव ठेवू नये, एवढीच त्याची धडपड. आणि असे काहीही न आवडणारे लोकच निवडायला सगळ्यात जास्त दिवस घेतात.

“व्हीट व्हिस्पर म्हणजे काय रे?” त्याने एकदा दुकानदाराला विचारले होते.

“गव्हाची कुजबूज.”

“गहू काय कुजबुजतो?”

“म्हणत असेल, एकदाचं दळा आणि मोकळं करा.”

अशा लोकांसाठी मीटरने एक परीक्षा काढली होती. गिऱ्हाईक तीन छटांवर येऊन अडले की तो तिन्हींचे छोटे डबे आणायचा आणि भिंतीवर वीतभर लांबीरुंदीचे चौकोन रंगवायचा. चौकोन मात्र चार. पहिले तीन पहिल्या दिवशी. चौथा दुसऱ्या दिवशी, कुणी बघत नसताना, दोन नंबरच्याच डब्यातून. वर सांगायचा, “दुकानदाराने एक जास्तीचा नमुना दिलाय, तोही बघून ठेवा.” मग तो स्टुलावर बसून मजा बघायचा. नवरा म्हणे दोन, बायको म्हणे चार. चार कसा प्रसन्न आहे, दोन कसा मरगळलेला. एका घरात तर बायको दोन दिवस माहेरी जाऊन बसली होती. आणि रंग एकाच डब्यातला! मीटरने हे गिऱ्हाइकाला कधी सांगितले नाही. तो ते दुकानात सांगायचा, साभिनय, आणि दुकानदार हसून हसून डोळे पुसायचा.

आता मुख्य गोष्ट. दीड वर्षापूर्वी डॉक्टरने मीटरला सांगितले होते की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजवा पिकलाय, ऑपरेशन करून घ्या. ही गोष्ट मीटर आणि त्याची बायको यांच्यापलीकडे कुणाला ठाऊक नव्हती.

“अहो, करून टाका ना,” बायको म्हणायची. “लोक करून आठवड्यात हिंडायला लागतात.”

“लोक हिंडतात. मला शिडीवर चढायचंय. दोन डोळे, एकामागून एक, दोन महिने घरात. दुकानदार विचारेल कुठे होतास. काय सांगू? मीटर बिघडला म्हणून?”

“बिघडलाय तर सांगायचं.”

“मग गेल्या वर्षभरात ज्यांच्या भिंती केल्या ते सगळे उद्या दारात येतील. प्रत्येकाला आपली भिंत वाकडी दिसायला लागेल.”

यावर बायको स्वयंपाकघरात निघून जायची. गेल्याच वर्षी त्याने स्वतःच्या स्वयंपाकघराला स्वतः मिसळून पांढरा रंग दिला होता. तिने बघून “छान” एवढेच म्हटले होते.

तर आता तो रंग डोळ्यांनी ओळखत नव्हता. त्याने हातांची सोय केली होती. दुकानातून डबे घेतले की तो खिळ्याने झाकणावर पोचे पाडायचा. एक नंबरला एक, दोनला दोन, तीनला तीन. बोट फिरवले की कळायचे. डब्याच्या अंगावर दुकानाची चिठ्ठी असे, यंत्राचा नंबर छापलेली, पण ती मुंगीच्या अक्षरातली चिठ्ठी वाचणे त्याने केव्हाच सोडून दिले होते.

दहा तारखेला त्याने पहिले तीन चौकोन रंगवले आणि डबे बंद करायला बसला, तेवढ्यात वहिनी पडदा घेऊन आल्या.

“काका, हा पडदा तिन्हीवर धरून बघते. तुम्ही जरा टोक धरता?”

मीटरने एका हाताने पडदा धरला आणि दुसऱ्या हाताने चाचपून झाकणे दाबली. अकरा तारखेला दुपारी, वहिनी कामावर आणि साहेब, म्हणजे त्यांचे यजमान, विम्याच्या कचेरीत असताना, त्याने दोन पोचे असलेले झाकण उघडले आणि चौथा चौकोन रंगवला.

तिथून अकरा दिवस गेले.

साहेबांनी वही आखली. डावीकडे चौकोनांचे नंबर, वर सकाळ, दुपार, संध्याकाळ, ट्यूबलाइट. प्रत्येक खान्यात दहापैकी गुण. शिवाय ते त्या इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी होते, आणि हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते. “ही खोली चांगली झाली, की चारही मजल्यांचा जिना तुमचाच, मीटर.” म्हणून मीटर गप्प होता. एरवी तो तिसऱ्या दिवशी शिडी उचलून चालता झाला असता.

“दोन नंबर जरा थंडच वाटतो, नाही?” वहिनी म्हणायच्या.

“थंड काय, फ्रीज आहे का तो?”

“आणि चार बघा. माणसात येऊन बसल्यासारखा.”

“मी दोनला दुपारी आठ दिलेत. माझे आठ काही हवेतून आलेले नाहीत.”

“तुमच्या वहीला विचारून राहायचंय का घरात?”

मीटर भिंतीवरची लांबी, म्हणजे पुट्टी, घासत असे आणि पोटातल्या पोटात हसत असे. शिकलेली माणसे, दोघांचे पगार, आणि एकाच डब्यासाठी ताट आपटून उठतात.

कोपऱ्यातल्या खुर्चीत साहेबांच्या आई बसलेल्या असत. वय शहात्तर. मीटर त्यांना मावशी म्हणायचा. दोरे आणि बटणांच्या दुकानात त्यांनी एकतीस वर्षे काउंटर सांभाळला होता. कापडाचा तुकडा पुढे आला की जुळणारे रीळ काढून द्यायचे, एवढेच काम. तिसऱ्या दिवशी त्या तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, “तीन आणि चार एकच तर आहेत.”

“आई, तू नको पडूस यात,” साहेब वहीतून मान वर न करता म्हणाले.

मीटरला म्हातारीची कीव आली. एकतीस वर्षे रिळे विकली आणि शेवटी नेम धरला तो तीनावर. दोन म्हणाली असती तर त्याने मनातल्या मनात सलाम केला असता.

बावीस तारखेला चार नंबर ठरला. वहिनी जिंकल्या, साहेबांनी वही मिटली. मीटर दुकानात गेला, दोन नंबरच्या छटेचा दहा लिटरचा डबा घेतला, तीन हजार दोनशे ऐंशी रुपये, आणि स्वतःच्या पैशाने दुकानदाराला चहाही पाजला.

“या खेपेला किती दिवस?” दुकानदाराने विचारले.

“अकरा.”

“आणि भांडण कशाकशात?”

“दोन आणि चार.”

दुकानदार हसत खाली बसला.

पंचवीस तारखेपर्यंत तीन भिंतींना दोन्ही हात देऊन झाले. चौकोनांची भिंत मीटर नेहमी शेवटी घेत असे. संध्याकाळी वहिनी कामावरून आल्या, पिशवी हातातच राहिली, आणि दारातच थांबल्या.

“काका, हा आपला रंग नाही.”

“ओला आहे वहिनी. वाळू दे.”

“दोन भिंती कालच्या आहेत. त्या वाळल्यात. हे बघा ना, हा चार नंबर, आणि ही भिंत. भिंत हिरवट दिसतेय.”

साहेब आले, बूटही न काढता वही शोधू लागले. “चारला मी संध्याकाळी साडेसात दिले होते. या भिंतीला सहाच्या वर देणार नाही.”

एवढे झाले आणि मीटरचा तोल गेला. अकरा दिवसांची वही, भिंतीवर धरून पाहिलेला पडदा, उशीची खोळ, सगळे त्याच्या डोक्यात एकदम चढले. जिन्याचे कामही तो विसरला.

“ऐका,” तो म्हणाला. “आजवर कुणा गिऱ्हाइकाला सांगितलं नाही ते सांगतो. दोन आणि चार एकच रंग आहे. मी मुद्दाम एका डब्यातून दोन चौकोन काढले. तुम्ही अकरा दिवस जे भांडलात ना, ते एकाच डब्यासाठी. माणसात येऊन बसल्यासारखा म्हणे! दोन नंबर तोच, चार नंबर तोच, आणि ही भिंतही तीच. दिसत कुणालाच काही नाही, नुसती नावं ठेवायची!”

वहिनींचा चेहरा उतरला. साहेबांनी वही उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. सकाळ, दुपार, संध्याकाळ, सगळ्या खान्यांत दोनचे आणि चारचे गुण वेगळे होते, आणि आता त्या वहीकडे त्यांना बघवत नव्हते. मीटरला वाटले, इतक्या वर्षांत ही मजा आपण दुकानातच का वाया घालवली.

“दोन आणि चार एक आहेत?” कोपऱ्यातून मावशी म्हणाल्या.

“हो.”

“असं तुम्ही म्हणता.”

“मी केलेत. मी नाही म्हणणार तर कोण म्हणणार?”

“मग डबे आणा इकडे.”

मीटरने तिन्ही छोटे डबे आणून आपटले. दोन पोच्यांच्या झाकणावर बोट ठेवले. “हा दोन नंबर. यातून दुसरा चौकोन, यातूनच चौथा.”

“सूनबाई, डब्यावरची चिठ्ठी वाच.”

वहिनींनी डबा उजेडात धरला. साहेबांनी बिलावरचे नंबर काढले. डब्याच्या अंगावर तीन नंबरच्या छटेची चिठ्ठी होती. मग त्यांनी तीन पोच्यांचा डबा उचलला. त्याच्या अंगावर दोनची.

“झाकणांची अदलाबदल झालीय,” वहिनी सावकाश म्हणाल्या. “म्हणजे चौथा चौकोन तीनच्या डब्यातून निघाला.”

“मी तिसऱ्याच दिवशी सांगितलं होतं,” मावशी म्हणाल्या.

मीटरने भिंतीकडे पाहिले. चार चौकोन. त्याने डोळे बारीक केले, मान वाकडी केली, एक पाऊल मागे घेतले. चारही एकच दिसत होते.

“एक कळत नाही,” साहेब म्हणाले. विमा कचेरीतला माणूस, शंका काढणे हेच त्यांचे पोट. “झाकण चुकलं, मान्य. पण ब्रश आत बुडवल्यावर दिसलं नसेल का? तुम्हाला? मीटरला?”

खोलीत सगळे त्याच्याकडे बघत होते. हे वाक्य उद्या इमारतीच्या कमिटीत जाणार, परवा दुकानात, आणि तेरवा त्याला कुणी कुंपण रंगवायलाही बोलावणार नाही.

“ओला रंग वेगळा दिसतो, वाळला की वेगळा,” मावशी म्हणाल्या. “तुला काय कळतंय त्यातलं? जा, आधी बूट काढ. अख्ख्या घरात माती केलीस.”

साहेब गेले. मावशी काठी टेकत उठल्या, “या जरा इकडे,” म्हणून मीटरला मागच्या गॅलरीत घेऊन गेल्या आणि एका पत्र्याच्या डब्यातून दोन रिळे काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

“कसली आहेत?”

“बिस्किटी.”

“दोन्ही?”

मीटरने ती उजेडाकडे नेली, लांब धरली, जवळ धरली. “दोन्ही.”

“एक बिस्किटी आहे. दुसरं राखाडी.” त्यांनी रिळे काढून घेतली. आता त्या एकेरीवर आल्या. “किती दिवस झाले?”

मीटर बोटांना लागलेला रंग खरवडू लागला.

“अरे, माझं बासष्टाव्या वर्षी झालं होतं. एका बाईच्या राखाडी कोटाला मी बिस्किटी बटणं बांधून दिली. ती परत आली आणि दुकानभर ओरडली. तुझं बरं आहे, भिंत ओरडत नाही.”

“दीड वर्ष,” मीटर म्हणाला. “कुणाला सांगू नका, मावशी. पोटावर पाय येईल.”

“मला सांगून काय बक्षीस मिळणार आहे? पण ती तुझी परीक्षा. किती वर्षं चाललीय?”

“वीसेक तरी.”

“लाज नाही वाटली?”

“मजा वाटायची.”

“मजा मलाही वाटायची. चार चार रिळं काढायला लावायच्या बायका, आणि शेवटी पहिलंच घेऊन जायच्या. पण मी कधी एकच रीळ दोन कागदांत गुंडाळून पुढे ठेवलं नाही.”

मीटरने मान खाली घातली.

नवा दहा लिटरचा डबा आणणे भाग होते. मावशींनी निम्मे, म्हणजे सोळाशे चाळीस रुपये, आपल्या पाकिटातून काढले. “उसने देतेय. दान नाही. आणि ऑपरेशन करून घे. जिन्याचं मी बघते.”

“जिन्याचं तुम्ही काय बघणार?”

“ते तू माझ्यावर सोड.”

दुकानदाराने विचारले, पुन्हा दहा लिटर कशाला? मीटर म्हणाला, त्यांनी विचार बदलला. दुकानदाराला जराही शंका आली नाही. बिस्किटीवाले, दुसरे काय करणार.

उरलेले काम मावशींनी दारात खुर्ची टाकून करून घेतले. “डावीकडे सुटलंय. आणखी वर. तिथे हिरवट डोकावतंय.” मीटरला पस्तीस वर्षांत कुणी असे राबवले नव्हते, आणि ते निमूट सोसण्यावाचून त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता.

सहा एप्रिलला त्याचा उजवा डोळा झाला, चार मे रोजी डावा.

पहिली पट्टी सुटली तेव्हा तो घरी येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. भिंती निळ्या होत्या. आभाळासारख्या, लख्ख निळ्या. पांढरा मिसळताना तो पिवळट वाटतोय म्हणून त्याने निळ्याचे थेंब टाकले होते, मग आणखी टाकले होते.

“हे निळं आहे,” तो म्हणाला.

“आहेच,” बायको म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, निळंच द्यायचंय. आणि तुम्हाला रंगातलं कुणी सांगायचं? मागे एकदा सांगितलं होतं तर चार दिवस जेवला नव्हतात.”

दोन महिने तो घरी होता आणि जिन्याचे काम कुणाला गेले नाही. कारण एप्रिलच्या पहिल्या बैठकीत मावशी काठी टेकत गेल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, जिन्याला साधा पांढरा कशाला, बिस्किटी बघा. कमिटीत नऊ माणसे. मावशींनी प्रत्येकाच्या हाती एक शेडकार्ड दिले आणि घरी येऊन आडव्या झाल्या. पुढच्या बैठकीत नऊ छटा आल्या. त्यापुढच्या बैठकीत दोघांनी राजीनामे देण्याची धमकी दिली. साहेबांनी नवी वही आखली. कुणी थकून एका छटेवर यायला लागला की मावशी विचारायच्या, “पण ट्यूबलाइटमध्ये बघितलात का?”

“तुझ्या त्या इमारतीने माझी नऊ शेडकार्डं नेलीत,” दुकानदार फोनवर करवादला. “एक परत नाही. कसली माणसं आहेत ही!”

“बिस्किटी,” मीटर म्हणाला.

जूनच्या सुरुवातीला, दोन्ही डोळे ठीक झाल्यावर, तो मावशींना भेटायला गेला आणि त्याने ती बाहेरची खोली पहिल्यांदा नीट पाहिली. चहात पडून विरघळलेल्या बिस्किटाचा रंग, त्यात थोडा गुलाबी, जशी औषधाची गोळी चोखून बाहेर काढावी. दाराच्या चौकटीमागे जुन्या रंगाची बोटभर पट्टी सुटली होती. तो दोन नंबर. हिरवट. शेजारी शेजारी दोन्ही ढळढळीत वेगळे होते, रंग न कळणाऱ्यालाही दिसावेत इतके.

“मावशी,” तो हळूच म्हणाला, “अकरा दिवस घालवून हा निवडला यांनी?”

“हो.”

“भिकार आहे.”

“पहिल्या दिवसापासून भिकार आहे. मला विचारलं कुणी?”

आतून साहेबांचा आवाज आला, की जिन्यासाठी आता दोनच छटा उरल्यात, आणि मीटरने येऊन नमुने काढावेत. मीटरच्या मनात एक जास्तीचा तिसरा चौकोन येऊन गेला, पण त्याने तो काढला नाही. दोन डबे, दोन चौकोन.

जिन्याचे काम पंधरा जूनला सुरू झाले. तोवर मीटरने मावशींना हजार रुपये परत केले होते. सहाशे चाळीस रुपये अजून द्यायचे आहेत.